न मारलेली फवारणी

छाटणीला अडतीस दिवस झाले होते.
खेडगावच्या चंद्रभागा पिंगळ यांची पाऊण एकर बाग
फुलोऱ्यात होती,
आणि दुपारी तीनला पश्चिमेकडून ढग आले.
फार नव्हेत. बसू की जाऊ, अशा बेतातले.

अशा वेळी ‘मारा’ म्हणणं सोपं असतं.
दुकानदार मारा म्हणतो, दीर मारा म्हणतो,
शेजारच्या बागेतला ब्लोअर तर सकाळपासून तेच म्हणतोय.
मारा म्हटलं आणि रोग आला, तर रोग जबर होता.
नाही आला, तर औषध जबर होतं.
सल्लागाराचं काही जात नाही.

मी पान उलटं करून पाहिलं.
कोवळी फूट नव्हती. वारा होता.
सोमवारची फवारणी अजून पानावर होती.
म्हटलं, आज नको.

चंद्रभागाबाईंनी माझ्याकडे पाहिलं,
उद्याचा कांद्याचा भाव सांगणाऱ्याकडे पाहतात तसं:
ऐकून घेतात, ट्रॅक्टर मात्र भरलेलाच ठेवतात.
म्हणाल्या, “ताई, तुम्ही पगारी. ढग आमचे.”

हे वाक्य घेऊन मी दिंडोरीला खोलीवर आले.
पान किती तास ओलं राहील याचा आकडा
मोबाईलवर दर अर्ध्या तासाला बदलत होता.
साडेअकराला दोन तास. एकला चार.
डावणीच्या बुरशीचं सगळं आयुष्य कॉलेजात शिकवलं होतं,
तिच्या बीजाणूला पोहायला किती पाणी लागतं इथपर्यंत;
पण नको म्हणून आल्यावर झोपायचं कसं,
हे कुठल्याच प्रात्यक्षिकात नव्हतं.

पहाटे स्कूटी काढली. हातमोजा एकच सापडला.

बागेत मला आधी ड्रम दिसला.
दोनशे लिटर, काठोकाठ,
पाण्यात मांडवाच्या तारा हलत होत्या.
कडेला औषधाची बाटली, सील तसंच.
आणि तिसऱ्या ओळीत बाई,
कपाळाला बॅटरी बांधून
पदराच्या टोकानं एकेक पान टिपत.

“बारालाही आले होते. तीनलाही.
कोरडाय पदर, बघा.”
मी पाहिला. टोकाला हळदीचा डाग होता,
पाणी नव्हतं.
ढग केव्हा गेले ते दोघींनाही कळलं नव्हतं.
आम्ही खाली बघत होतो.

ड्रमातलं पाणी त्यांनी मेथीच्या वाफ्याला सोडलं.

रविवारी गटाची बैठक, देवळामागच्या शेडमध्ये.
पाटीवर शेतकरी उत्पादक कंपनी आहे,
म्हणजे असायला हवं; ‘त्’ पेंटरनं खाल्लाय.
मी सगळ्यांना वह्या दिल्या होत्या:
खत, औषध, मजुरी, कॅरेट, भाडं,
आणि घरचं माणूस राबलं तर त्याचीही हजेरी.
हा शेवटचा रकाना पुरुषांनी कोरा आणला होता.
बायकांनी पेन्सिलनं भरला होता.

चंद्रभागाबाईंनी वही पुढं सरकवली.
तारखेसमोर लिहिलं होतं, ‘मारलं नाही.’
“वाचलेले अठराशे कुठं लिहू?
खर्चात बसत नाहीत. उत्पन्नात लिहावे
तर बँकवाला विचारील, काय विकलं?”

हिशेब बघणारा भूषण ढिकले कॉमर्सचा.
पेन कानामागं अडकवून बराच वेळ गप्प बसला.
“जे झालंच नाही,” म्हणाला,
“त्याचं व्हाउचर कुठून आणू?”

मग बाईंनीच पट्टी मागून घेतली
आणि वहीच्या उजव्या कडेला
एक रेघ ओढली, जरा वाकडी.
वर नाव काही घातलं नाही.
त्यात अठराशे लिहिले,
आणि खाली, आकड्याशिवाय, बारीक अक्षरात:
दोघींची रात्र.

मागून दीर म्हणाले,
मंगळवारी पुन्हा आभाळ सांगतायत.
मी म्हटलं, पान बघितल्याशिवाय बोलणार नाही.
“या तुम्ही,” चंद्रभागाबाई म्हणाल्या,
“ड्रम भरून ठेवते.”